व्हाइट हेरॉन क्लबातली हजेरी

बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळात माझ्याबद्दल सध्या दोन मतं आहेत. पहिलं असं, की उदय परचुरे उतारवयात जुगाराच्या नादी लागला. दुसरं असं, की तो नादीबिदी लागलेला नाही, तो जुगाराचा क्लबच काढतोय. पहिल्या मताचे लोक गणपतीच्या आरतीला माझ्यापासून दोन हात लांब उभे राहतात. दुसऱ्या मताचे लोक मला कोपऱ्यात घेऊन पार्टनरशिपबद्दल विचारतात. मी अकरा वर्षं मंडळाचा चिटणीस होतो, पण तेव्हा इतक्या आस्थेनं माझी चौकशी कुणी केली नव्हती.

खरं काय ते सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणजे वाटते, पण थोडी. मी इथल्या एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं रेकॉर्ड्स डिपार्टमेंटमध्ये आहे. तळघरात बसतो. वरच्या मजल्यांवर डॉक्टर लोक माणसं बरी करतात आणि खाली मी त्यांच्या फाइली सांभाळतो. बासष्ट साली अपेंडिक्स काढलेल्या बाईची फाइल मागा, चार मिनिटांत काढून देईन. ह्या नोकरीत माझा एक सिद्धान्त तयार झाला आहे. माणूस एक वेळ हरवेल, पण त्याची नोंद कुठं ना कुठं असतेच, फक्त कपाट माहीत पाहिजे. हा सिद्धान्त मी घरी इतक्या वेळा ऐकवलाय, की तो सुरू झाला की माझी बायको अनुराधा टीव्हीचा आवाज वाढवते.

तर माझा धाकटा भाऊ अतुल हरवला.

हरवला म्हणजे सायकलवरून शाळेत जाताना हरवला असं नव्हे. चांगला एक्केचाळीस वर्षांचा घोडा. मिल्टन कीन्सला घर, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारी बायको मीनल, आणि शिल्पा ही मुलगी. जुगारापायी घरात भांडणं झाली आणि एक दिवस हा बॅग घेऊन निघून गेला. ब्याण्णव सालची गोष्ट. त्यानंतर मीनलला त्याचं एकच पत्र आलं: आता मी स्वतःचा धंदा करतो, त्यात काही मिळत नाही, मिळालं की पाठवीन. पत्रावर पत्ता नव्हता. दोन वर्षं झाली, शिल्पा सातची नऊ वर्षांची झाली, तरी ह्या गृहस्थाला काही मिळालं नव्हतं.

माझं त्याचं शेवटचं बोलणं फोनवर झालं. मी थोरला भाऊ. थोरल्या भावाला जे बोलायचा हक्क असतो ते सगळं मी बोललो, आणि शेवटी हक्क नव्हता तेही बोललो. म्हटलं, "पुन्हा ह्या घराला तोंड दाखवू नकोस." अतुलनं जन्मात माझं ऐकलेलं हे एकच.

सरकारनं तेव्हा नुकतंच मुलांच्या पोटगीचं एक खातं उघडलं होतं. सोडून गेलेल्या बापाकडून ते पैसे वसूल करून देणार होतं. मीनलनं चाळीसेक पानांचा फॉर्म भरून पाठवला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, की वसुलीला खातं तयार आहे, पण बाप कुठं राहतो ते कळवावं. तो सापडत नाही म्हणून तुमच्याकडे आलो, असं मीनलनं कळवलं. त्यावर, तो सापडल्यावर कळवावं, असं आलं.

मीनलनं मला फोन केला. "दादा, तुम्ही रेकॉर्ड्सवाले ना? मला काही आयडिया द्या. शिल्पाचे शूज, स्कूल ट्रिप्स, मॉर्गेज, सगळं एका सॅलरीत नाही होत."

मी छाती पुढं काढून म्हटलं, "पंधरा दिवसांत हुडकतो."

पंधरा दिवसांत मी फक्त सल्ले हुडकले. शेजारचे शशी कुलकर्णी म्हणाले, प्रायव्हेट डिटेक्टिव्ह लावा. कुणी म्हणालं, सोळा सोमवार करा. मंडळाचे अध्यक्ष विष्णूपंत हे वयानं आणि घेरानं मोठे गृहस्थ. त्यांनी मात्र सल्ला न देता माहिती दिली. इकडे तिकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "परचुरे, तुमचा अतुल मला शनिवारी दिसला. सिटी सेंटरमध्ये, त्या व्हाइट हेरॉन क्लबात शिरताना."

"तुम्ही तिथं काय करत होतात?"

"मी बसस्टॉपवर होतो," विष्णूपंत म्हणाले. त्या रस्त्यावरून बस जात नाही, हे मला नंतर कळलं.

म्हणजे अतुल माझ्यापासून चार मैलांवर येत होता. त्या दिवशी मी दोनदा जेवलो असं अनुराधा म्हणते.

आता कपाट सापडलं होतं. जुगाराच्या क्लबांवर देखरेख ठेवणारं एक सरकारी मंडळ लंडनला असतं. मी त्यांना ऑफिसच्या भाषेत झकास पत्र लिहिलं, की आपल्याकडच्या जुगाऱ्यांच्या नोंदींपैकी 'ए. परचुरे' ह्यांची नोंद एका लहान मुलीच्या पोटगीकरता हवी आहे. माझ्या इंग्रजीचा मला अभिमान आहे. तो त्या पत्रात जरा जास्तच उतरला असावा, कारण तीन आठवड्यांनी जे जाडजूड पाकीट आलं त्यात नवा जुगाराचा क्लब काढायला काय काय लागतं त्याचे सगळे फॉर्म होते. वर चिठ्ठी, की मंडळ क्लबांना परवानगी देतं, खेळणाऱ्यांच्या नोंदी क्लबच ठेवतात, आपला ह्या व्यवसायातला रस पाहून माहिती सोबत पाठवत आहोत.

पोस्टमननं ते पाकीट चुकून शशी कुलकर्ण्यांकडे टाकलं. कुलकर्ण्यांनी ते चुकून उघडलं. त्यानंतर चुकून त्यांनी मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला सगळ्यांना सांगितलं. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन विष्णूपंत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "परचुरे, तुम्ही आत इतके खोल असाल असं वाटलं नव्हतं. भांडवल कमी पडलं तर आपल्या माणसाला आधी विचारा."

आता क्लबात स्वतः जाण्यावाचून इलाज नव्हता. शनिवारी दुपारी मी सूट घातला. अनुराधा म्हणाली, "अहो, लग्नाला चाललात का?" मी म्हटलं, "जुगाराला." ती म्हणाली, "मग येताना दूध आणा."

व्हाइट हेरॉन क्लबचं दार एखाद्या डेंटिस्टचं असावं तितकं साधं होतं. आत लाल गालिचा, आणि काउंटरमागे मॉरीन नावाची साठीची, चश्म्याची साखळी गळ्यात घातलेली बाई. तिनं मला 'लव्ह' म्हटलं. इथल्या बायका बस कंडक्टरपासून बिशपपर्यंत सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, पण सूट घातल्यावर ते जरा वेगळं वाटतं. मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, मला तुमचं हजेरीबुक बघायचं आहे. ती म्हणाली, ते गोपनीय असतं. सभासदाला बघता येईल का? तर सभासदाला त्यात सही करावी लागते, तेव्हा काय दिसेल ते दिसेल.

ह्या देशाचा कायदा मजेशीर आहे. रस्त्यावरून उठून कुणालाही क्लबात जाऊन जुगार खेळता येत नाही. आधी स्वतः जाऊन अर्ज द्यायचा, त्यात 'माझा जुगार खेळण्याचा इरादा आहे' असं लिहून सही करायची, आणि मग अठ्ठेचाळीस तास थांबायचं. माणसाला सद्बुद्धी सुचावी म्हणून दिलेली ही मुदत. लग्नाच्या बाबतीतही अशी मुदत असावी असं मला कित्येकदा वाटलं आहे, पण ते असो. मी वडिलांचं स्मरण केलं, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि माझा इरादा लिहून दिला.

आणि तेवढ्यात मला अतुल दिसला.

काउंटरच्या पलीकडे काचेचं दार होतं. त्यातून आतली हिरवी टेबलं दिसत होती. एका टेबलाशी तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. पाठीवरून भाऊ ओळखायला नोंद लागत नाही. डावा खांदा किंचित खाली. केस विरळ झाले होते. दोन वर्षांत इतके?

मी दाराकडे गेलो. मॉरीननं काउंटरमागून हात आडवा केला. "मंडे आफ्टरनून, लव्ह. फॉर्टी-एट अवर्स."

"तो माझा भाऊ आहे."

"त्याचे अठ्ठेचाळीस तास झालेत, तुझे नाहीत."

"मी खेळणार नाही. नुसता हाक मारतो."

"मी आत सोडलं तर क्लबची परवानगी जाईल आणि माझी नोकरी."

नियम म्हणजे नियम. मी स्वतः एका बड्या कन्सल्टंट डॉक्टरला सहीची चिठ्ठी नाही म्हणून फाइल नाकारलेला माणूस. मी काचेवर टकटक केली. "अतुल!" म्हणून ओरडलो. जाड काच होती. जवळचा एक चिनी म्हातारा वळला, अतुल वळला नाही. मी सोफ्यावर बसलो. कधी ना कधी बाहेर येईलच की. मॉरीननं मला चहा आणून दिला. दोन तासांनी तिनंच सांगितलं, की कार पार्कच्या बाजूला दुसरं दार आहे, आणि तो गेला. मी दूध न घेता घरी आलो आणि अनुराधा स्वतःच पिशवी घेऊन दुधाला गेली.

पुढच्या शनिवारी मी सभासद म्हणून गेलो. मॉरीननं हजेरीबुक पुढं सरकवलं. तारीख, नाव, पत्ता, सही असे चार रकाने. मी पेन टेकवणार तर वरच्या चौथ्या ओळीत अतुलचं अक्षर. आम्हा दोघांनाही वडिलांनी एकाच पाटीवर गिरवायला लावलं होतं. इंग्रजी लिहितानासुद्धा त्याचा 'पी' शेपटी मोडलेला असतो. ए. परचुरे. तारीख शुक्रवारची. आणि पुढं पत्ता: मिल्टन कीन्सचा. मीनलच्या घराचा. पोस्टकोडसकट.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसेवालाच काखेत नव्हता. मी ती ओळ पुनःपुन्हा वाचली. मागून एक माणूस खाकरला. मी सही केली आणि आत गेलो.

अतुल शुक्रवारी येऊन गेला होता, म्हणून मी पुढच्या शुक्रवारी गेलो. तर पुस्तकात त्याची ओळ बुधवारची. मी बुधवारी रजा टाकली, तर तो मंगळवारी येऊन गेलेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुस्तक मला जसं वाचता येतं तसं त्यालाही येतं. माझं नाव बघून तो दिवस बदलत होता. पण क्लब बदलत नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी रुलेटवर दोन पौंड लावले.

आत बसायचं तर काहीतरी खेळावं लागतं, नुसतं बसलेलं बरं दिसत नाही. मी सर्वांत स्वस्त टेबलाशी उभा राहून काळ्यावर एकेक पौंड लावायचो आणि दाराकडे बघायचो. दाराकडे बघणाऱ्या माणसावर नशीब खूश होत असावं. दीड महिन्यात मी एकशे अठरा पौंड जिंकलो. ते पैसे घरात नकोत म्हणून अनुराधानं मंडळाच्या गणपतीच्या देणगीपेटीत टाकले. विष्णूपंतांनी अहवालात छापलं: 'एक हितचिंतक, रु. नव्हे पौंड ११८.' आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

एका संध्याकाळी अनुराधा म्हणाली, "तुम्ही पोटगीसाठी जाता ना तिकडे?"

"म्हणजे काय!"

"मग तो कुठं येतो ते कळलं, आता त्या खात्याला कळवा. रोज रोज काय जाता?"

मी म्हटलं, पुरावा भक्कम पाहिजे. पण ती म्हणाली ते बरोबर होतं. मी पोटगीच्या खात्याला रीतसर लिहिलं, की अमुक क्लबाचं हजेरीबुक जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळामार्फत तपासावं. माझ्या सिद्धान्ताचा हा सर्वोच्च क्षण. दोन सरकारी कपाटं मी एकमेकांना जोडून दिली. जुगाराच्या मंडळाचा इन्स्पेक्टर क्लबात गेला, नोंदी घेऊन आला, आणि खात्याला कळवल्या: एकोणचाळीस भेटी. शिवाय खेळायच्या चिप्ससाठी क्लबाला दिलेल्या चेकांची नोंद, तीवरून बँक, बँकेवरून नोकरी. धंदाबिंदा काही नव्हता, गृहस्थ चांगल्या पगारावर होता. कुठं, ते खात्याला आम्हाला सांगता येत नव्हतं. गोपनीय.

मी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी मीनलचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते कळेना.

"दादा, लेटर आलंय. ऐका. 'क्लबच्या नोंदीनुसार मिस्टर परचुरे हे आपल्याच पत्त्यावर आपल्यासोबत राहतात. सबब पोटगीचा प्रश्न उद्भवत नाही. केस क्लोज्ड.'"

मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला.

मीनलनं हरकत घेतली, तेव्हा खात्यानं प्रिचर्ड नावाचा अधिकारी घराची पाहणी करायला पाठवायचं ठरवलं. अतुलचा नातेवाईक म्हणून मीही हजर राहावं असं पत्र आलं. मिल्टन कीन्सचे सगळे चौक गोल आणि सगळे सारखे. मी एकाच पेट्रोल पंपाला तीनदा भेट देऊन अखेर पोचलो, बूट दाराशी काढले आणि आत गेलो. शिल्पा धावत आली. उंच झाली होती. हसली की अगदी अतुल.

प्रिचर्ड हा सडपातळ, नम्र आणि भयंकर माणूस होता. आत आला तो दाराशीच थांबला आणि वहीत लिहू लागला.

शिल्पानं माझी बाही ओढली. "काका, ती माणूस तुमची शूज का मोजतोय?"

"पुरुषाचे बूट," प्रिचर्ड म्हणाला. "साइझ नाइन. दाराशी, रोजच्यासारखे काढलेले."

"ते माझे आहेत," मी म्हटलं. "आम्ही घरात बूट घालत नाही."

"आपण इथं राहता?"

"नाही."

"मग इथं बूट का काढता?"

ह्या प्रश्नाला आमच्या संस्कृतीत उत्तर आहे, पण त्याच्या वहीत रकाना नव्हता. मला ते बूट घालून, चालून दाखवावे लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मग तो खुंटीपाशी गेला. खुंटीला पुरुषाचा एक करडा ओव्हरकोट होता. तो माझा नव्हता. मी प्रिचर्डकडे न बघता मीनलकडे बघितलं.

"तो अतुलचा आहे," मीनल शांतपणे म्हणाली. "चोरांसाठी ठेवलाय. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून."

प्रिचर्डनं कोटाच्या खांद्यावरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. ते त्यानं वहीत लिहिलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्यानं बॅगेतून एक फॉर्म काढला. म्हणाला, "क्लबची नोंद आहे तोवर ती खरी मानावी लागते. खोडायची तर दोन सह्या लागतील. एक ह्यांची, एक त्याच्या जवळच्या नातेवाइकाची."

मजकूर छोटा होता. 'सदर व्यक्तीचं ह्या पत्त्यावर घर नाही, आणि ती कधी काळी इथं परत येईल असं मानायला मला कोणतंही कारण नाही.' खाली, ह्या निवेदनाची प्रत सदर व्यक्तीला पाठवली जाईल.

मीनलनं फॉर्म वाचला, सही केली, आणि पेन माझ्या हातात दिलं.

सव्वीस वर्षांत मी किती सह्या केल्या असतील. मृत्यूच्या फाइली बंद करताना सुद्धा माझा हात थांबलेला नाही. इथं थांबला. मी म्हटलं, "ह्यात 'कधी काळी' हे शब्द जरा जास्त होतात. 'सध्या' लिहिलं तर?"

"छापील आहे, सर," प्रिचर्ड म्हणाला.

"पण तो स्वतः हाच पत्ता लिहितो आहे ना? एकोणचाळीस वेळा? त्याचा काहीतरी अर्थ असेल."

"दादा," मीनल म्हणाली. "शिल्पा, वर जा बघू." शिल्पा जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेली आणि तिथंच बसली. मीनलनं आवाज खाली घेतला. "मला माहितीये त्याचा काय अर्थ आहे. मी पण खूप वाट बघितली. पण पत्ता लिहून शूज येत नाहीत. मला तिच्यासाठी पैसे हवेत. तुम्हाला अतुल हवाय. मला कधीच कळलं होतं हे, तुम्ही क्लबचा मेंबर झालात तेव्हाच. त्यात वाईट काही नाही. पण हा फॉर्म तिच्यासाठी आहे."

बायको, भावजय, सगळ्यांना कळलं होतं. फक्त सिद्धान्तवाल्याला कळलं नव्हतं. मला वाटत होतं मी पोटगीचा पाठपुरावा करतोय, आणि मी दर आठवड्याला सूट घालून भावाचं अक्षर बघायला जात होतो. मला तो हवा होता. त्याला मी येऊ नकोस म्हटलं होतं आणि आता तेच पुन्हा, सरकारी भाषेत, सही करून सांगायचं होतं.

मी सही केली. जिन्यावरून शिल्पानं विचारलं, "काका, झाला का ती होमवर्क?" मी म्हटलं, झाला.

महिन्याभरानं मीनलकडे पहिले पैसे आले, थेट अतुलच्या पगारातून कापून. शिल्पाला शूज आले आणि वेल्सची ट्रिप झाली. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि मला मंडळात कुणीतरी शाबासकीही दिली. त्याच नोव्हेंबरात सरकारनं देशभर लॉटरी सुरू केली आणि विष्णूपंत राजरोस रांगेत उभे राहू लागले, त्यामुळे माझा विषय जरा मागे पडला.

डिसेंबरात मी क्लबात गेलो. जायचं नाही असं ठरवलं होतं. मॉरीननं पुस्तक पुढं केलं. अतुलची ओळ त्याच दिवशीची, तासाभरापूर्वीची होती. ए. परचुरे, मोडक्या शेपटीचा 'पी', सही. पत्त्याचा रकाना कोरा.

मी मॉरीनकडे बघितलं.

"मी त्याला म्हटलं, लव्ह, पत्ता लागतोच," ती म्हणाली. "कुठलंसं सरकारी पाकीट आलं होतं त्याला, क्लबच्याच पत्त्यावर. इथंच उभं राहून वाचलं त्यानं. मग पेन हातात घेऊन बराच वेळ थांबला. म्हणाला, लिहायला काही नाही आता, आणि न खेळताच निघून गेला. मला जास्त ताणवेना. पण सोमवारी इन्स्पेक्टर येतोय. कोरा रकाना दिसला तर त्याचं सभासदत्व जाईल."

सभासदत्व जाईल म्हणजे ही ओळसुद्धा जाईल. भाऊ जुगारातून सुटावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्या क्षणी मला फक्त ती ओळ हवी होती. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू.

मॉरीन टेलिफोनकडे वळली. टेलिफोन वाजला नव्हता. मी खिशातून पेन काढलं आणि अतुलच्या नावापुढं, कोऱ्या रकान्यात, माझ्या घराचा पत्ता लिहिला. घर नंबर, रस्ता, बर्मिंगहॅम, पोस्टकोड. आमचं वळण एकच, त्यामुळे शाई सोडली तर फरक कळत नव्हता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही एकुलती एक खोटी नोंद.

इन्स्पेक्टरनं तो पत्ता टिपून नेला आणि जानेवारीपासून त्याची पत्रं आमच्या घरी येऊ लागली. मिस्टर ए. परचुरे, आणि खाली आमचा पत्ता. क्लबची नव्या वर्षाची सवलत, पोटगीच्या खात्याचं तिमाही पत्रक, इन्स्पेक्टरची काहीतरी पोच. पहिलं पाकीट अनुराधाच्या हातात पडलं. ती ते उलटसुलट बघत दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"अहो," ती म्हणाली, "हे उघडायचं नाही हं. त्याचं आहे. तो आला की देऊ."

अजून आला नाही. हॉलमधल्या टेबलावर नऊ पाकिटं झाली आहेत. क्लबात आता तो कुठल्या दिवशी जातो मला ठाऊक नाही, कारण मी जात नाही. मी गेलो की त्याला दिवस बदलावा लागतो. पण पुस्तकात त्याचं नाव लिहिताना वरच्या ओळीत त्यानं माझा पत्ता वाचलाच असेल, आणि तो त्यानं खोडलेला नाही, एवढं मॉरीननं फोनवर सांगितलं. शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली की मी धावत जातो. बहुतेक वेळा विष्णूपंत असतात.